जनाकाकीच्या कॉम्प्युटरातली दुसरी रॅम

हे मी आजवर कुणाजवळही काढलेलं नाही. कारापूरच्या चुलतभावाजवळ नाही, दुकानाशेजारच्या शिंप्याजवळ नाही, आणि देवळात उभं राहूनही नाही — तिथं तर मुळीच नाही, का ते पुढं येईलच. तुला सांगतोय. का तुलाच, ते विचारू नकोस. माझं मलाही नीट माहीत नाही.

पेडण्याच्या बाजारात माझ्याबद्दल विचारलंस ना, तर लोक चांगलंच सांगतील. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, सरळ माणूस, कुणाला फसवत नाही. हरमलला किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांचं, म्हणजे झावळ्यांच्या हॉटेलवाल्यांचं, नेट बंद पडलं की अजून मलाच बोलावतात. आणि हे खोटं आहे असंही नाही! गिऱ्हाइकाच्या मशिनीतला चांगला भाग काढून जुना घालायचा, असले धंदे मी कधी केले नाहीत. मी केलं ते वेगळंच. चांगला भाग काढला नाही — वाईट भाग काढलाच नाही. याला काय म्हणतात? चोरी म्हणतात का?

थांब, नीट सुरुवातीपासून सांगतो.

मी मूळचा कारापूरचा. डिचोलीकडच्या एका खाणीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर होतो. आई गेली, भावाचा संसार वाढला, घरात मी म्हणजे कोपऱ्यात ठेवलेली जादा खुर्ची झालो. लग्न दोनदा जमता जमता राहिलं, मग कुणी विषय काढेनासं झालं. म्हणून खाण सोडली आणि पेडण्याला येऊन दुकान टाकलं. दुकानामागं एक खोली, तीच माझी. सकाळी पोदेर, आमचा पाववाला, सायकलीचा भोंगा वाजवत यायचा, त्याच्याकडून दोन उंडे, गोल पाव, घ्यायचे, एक सकाळी चहाबरोबर, दुसरा रात्री, तोवर तो दगडासारखा व्हायचा. दिवसभर दुकानात माणसं यायची, पण ती मशिनीबद्दल बोलायची. संध्याकाळी शटर ओढलं की दुसऱ्या दिवशी पोदेर येईपर्यंत माझं नाव कुणी घ्यायचं नाही. तुला वाटेल, रडतोय. नाही रे. कसा होतो ते फक्त सांगतोय.

जनाकाकी पेडण्याच्या जरा बाहेर राहायची, रस्त्याला लागून असलेल्या कौलारू घरात. तिचा नवरा आमच्याच खाणीवर ट्रक चालवायचा, म्हणून मला ती ओळखत होती. तो गेला, आणि एकुलता एक मुलगा, उदय, तारवटी झाला — बोटीवर कामाला. वर्षातला बराच काळ समुद्रात. एका रजेत त्यानं आईसाठी कॉम्प्युटर आणला, वर कॅमेरा बसवला, नेट घेतलं. बंदराला बोट लागली की तो तिथल्या कुठल्याशा दुकानातून बोलायचा आणि काकीला त्याचं तोंड दिसायचं. मुलगा दिसतो म्हटल्यावर त्या बाईनं माऊस धरायला शिकून घेतलं! कॉम्प्युटरला ती 'यंत्र' म्हणायची. त्याच्यावर आपल्या हातानं टाका घातलेलं कापड झाकायची, आणि उदय दिसायच्या वेळी ते घडी करून मांडीवर घ्यायची.

पण ते यंत्र बंद पडायचं. बोलता बोलता पडदा निळा, पांढरी अक्षरं, आणि खलास. कधी आपोआप पुन्हा सुरू व्हायचं, कधी तेही नाही. मशीन मी बनवलेलं नव्हतं — हे मुद्दाम सांगतो, माझं असतं तर असली रॅम मी आत घातलीच नसती. पण बिघडल्यावर निरोप मलाच.

पहिल्यांदा गेलो तेव्हा धूळ काढली, पंखा साफ केला. काकीनं आंबोळ्या केल्या होत्या. चार दिवस बरं चाललं, मग परत तेच. दुसऱ्यांदा सगळं पुसून विंडोज नव्यानं घातलं. परत तेच. करंट वरखाली होतो का ते मोजलं, तो ठीक. मग माझ्या डोक्यात आलं, अरे, दर वेळी निळ्या पडद्यावरची अक्षरं वेगळी असतात. एकच दुखणं असलेलं मशीन एकच रडगाणं गातं. रोज नवं गाणारं मशीन म्हणजे बहुतेक रॅमच गेलेली.

रॅम म्हणजे वीतभराहून आखूड हिरवी पट्टी. मशीन काम करताना सगळं तात्पुरतं तिच्यावर लिहून ठेवतं. काकीच्या मशिनीत अशा दोन होत्या. मी तपासायची सीडी घातली आणि सोप्यावर बसून राहिलो. थोड्या वेळानं आत जाऊन बघतो तो पडद्यावर लाल ओळीच ओळी. आमचा सगळ्यांचा पहिला उपाय केला — पट्ट्या काढून त्यांचे पिवळे दात खोडरबरानं घासले, परत बसवल्या. तरी लाल. मग एकेक पट्टी एकटी लावून बघितली. पहिली एकटी — स्वच्छ. दुसरी एकटी — लाल. झालं! सापडला चोर. मशीन आधी पहिल्या पट्टीवर लिहायचं. साधं काही करताना दुसरीवर जायची वेळच यायची नाही. उदयचं बोलणं, त्याचं चित्र, असा भार वाढला की दुसरीवर जायचं आणि मरायचं. म्हणून नेमकं उदय दिसत असतानाच.

दुसरी पट्टी हातात घेऊन मी हसत होतो. सापडल्याचा आनंद असतो, तो या धंद्यातल्यालाच कळतो. ती काढून ठेवली असती तरी काम भागलं असतं, मशीन जरा हळू चाललं असतं इतकंच.

तेवढ्यात काकी चहाचा कोप घेऊन आली. मी हसतोय बघून तीही हसली आणि म्हणाली, "गावला मां? आता ह्या बरा झाला म्हणजे तुजो पाय काय हय लागाचो नाय."

चेष्टेत म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. पण मी त्या घराकडं बघितलं — जनेलातून ऊन आत आलेलं, मेजावर माझ्यासाठी झाकून ठेवलेली बशी, आणि माझं नाव घेऊन बोलणारं माणूस. आणि मी म्हणालो, "नाही हो काकी, अजून नक्की कळलं नाही. व्हायरसबियरस असेल. परत यावं लागेल."

आणि ती खराब पट्टी होती तिथं परत बसवली. कट् कट्, दोन्ही बाजूंच्या कड्या लागल्या.

हे ते. हीच ती गोष्ट. पण इथं संपली असती तर मी तुला सांगायला बसलो नसतो.

मग मी जातच राहिलो. आठवड्यातून एकदा, कधी जास्त. उगाच पाठची झाकणं उघडायची, फुंकर मारायची, काहीतरी पुटपुटायचं. काकी जेवू घालायची, उदयच्या लहानपणच्या गोष्टी सांगायची, माझ्या आईबद्दल विचारायची. माझ्या आईबद्दल त्या काळात दुसऱ्या कुणीच विचारलेलं नव्हतं. उदयचा कॉल यायचा तेव्हा मी शेजारच्या खुर्चीत असायचो. "दादा, तू आसस म्हणान आय आपलो जीव धरून आसा," असं तो मला म्हणाला, आणि तेवढ्यात पडदा निळा झाला. काकीचा हात पडद्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. "माजाच कायतरी चुकता," असं ती म्हणायची. "मी जोरान दाबतंय काय रे?" आणि मी, खाल्ल्या घरचे वासे मोजणारा, म्हणायचो, "नाही काकी, तुमचं काही चुकत नाही." तेवढं एक वाक्य खरं होतं.

पुढच्या खेपेला नीट करू, असं दर वेळी वाटायचं. दर वेळी! निघताना वाटायचं, येताना भूक लागलेली असायची. नुसती पोटाची नव्हे.

मग उदयनं ती बातमी सांगितली. वास्कोची मुलगी, बंदरातल्या एका ऑफिसात कामाला. बोटीच्या कागदांसाठी जाता येता ओळख झालेली. जात वेगळी. सांगताना तो खाली बघत होता. मला वाटलं, आता काकी पेटणार. पण तिनं कापडाची घडी मांडीवर सरळ केली, आणि विचारलं, "चेडू बरा आसा मां रे? माका दाखय तरी."

तिची तयारी होती. हे लक्षात ठेव. तिच्या मनात नव्हतं असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे, मी शेजारच्या खुर्चीत होतो. उदय खुलला, फोटो पाठवतो म्हणाला. फोटो वरून खाली उतरू लागला — केस, कपाळ, एक भुवई — आणि निळा पडदा. पुढच्या बंदरातून पुन्हा प्रयत्न केला. परत तेच. त्यानंतरही तेच. फोटो, चित्र, बोलणं, सगळा भार एकदम. दुसऱ्या पट्टीला तो कुठला झेपायला? मुलगी भुवईच्या खाली काही उतरेना.

काकी घाबरली. इतर वेळी यंत्र मधून मधून बंद पडायचं, पण त्या मुलीचं नाव निघालं की हमखास. "देवीच्या मनात नाय," ती म्हणाली.

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, काकी, यंत्र आहे ते, यंत्राला काय कळतं कुणाचं लग्न!

तेव्हा ती जे बोलली ते माझ्या कानातून जात नाही. रागानं नाही, समजावल्यासारखं बोलली. "तू येवढो शिकलेलो. इतके म्हयने बघतंस. तुका तेचो रोग गावना नाय. मगे तो यंत्राचो रोग न्हय रे बाबा. तो दुसरो कसलो तरी."

बघ. तिचा हिशेब चुकला का? माझ्यावर विश्वास ठेवला एवढीच तिची चूक. पेडण्याच्या माणसाला असंच वाटणार — डॉक्टरला दुखणं सापडलं नाही तर ते डॉक्टरच्या पलीकडचं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. आता काय सांगणार? रोग मला केव्हाच सापडलाय, आणि तुमच्या हातचं खायला मिळावं म्हणून मी तो आत ठेवलाय?

दुसऱ्या दिवशी म्हापशाला गेलो आणि नवी रॅम आणली. ठरवलं, आज बसवायची, आणि काहीतरी थाप मारून सांगायचं की आता सापडलं. खरं सांगायचं ठरवलं नव्हतं, हेही ऐकून ठेव. पट्टी शर्टाच्या खिशात टाकून काकीच्या घरी पोचलो तर ती नवी नऊवारी नेसून, नारळ नि फुलं घेऊन दारात उभी. देवीला कौल लावायला निघालेली. "बरा झाला इलंस तो. चल माज्यावांगडा," म्हणाली.

त्याच वेळी म्हणायला हवं होतं, काकी, थांबा, आधी यंत्र बघू. फक्त तेवढंच! तेवढं म्हणायला काय लागत होतं? पण ती म्हणाली असती, आजच कसं सापडलं? आणि माझ्याकडं बघितलं असतं. त्या बघण्याला मी भ्यालो. गेलो तिच्याबरोबर.

आमच्याकडची रीत तुला माहीत असेल, नसेल तर सांगतो. गुरव देवीच्या अंगावर भिजवलेल्या पाकळ्या लावतो आणि मनातलं गाऱ्हाणं मोठ्यानं घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवीची संमती, डावीकडची पडली तर नाही. मोठमोठी माणसंसुद्धा जमीन घेताना, लग्न ठरवताना देवीला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत.

गुरवानं गाऱ्हाणं घातलं. "ह्या लेकराच्या वाटेत जो कोण आडो इलो आसात, जी काय आडमेळी आसात, ती दूर कर गे बाये!" आणि सगळ्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा!"

मीही म्हणालो. सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणालो. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना — माझ्या काखेत नव्हता, छातीवरच्या खिशात होता. आडवा आलेला माणूस देवीपुढं हात जोडून उभा होता, आणि देवळातल्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं. देवीला असेल.

पाकळ्या बराच वेळ हलल्या नाहीत. काकीचे ओठ हलत होते. मग डावीकडची पडली.

काकी रडली नाही. पदर सारखा केला, नमस्कार केला, गुरवाला दक्षिणा दिली. येताना वाटेत फक्त एवढं म्हणाली, "आता तेका सांगूचा कसा?"

देवीला मी मधे घालत नाही. कौल हा कौल. पण काकी देवळात गेली कशामुळं? त्या डावीकडच्या पाकळीपर्यंत तिला नेली कुणी? देवीनं नाही नेली.

घरी आलो. काकी आत कपडे बदलायला गेली, आणि मी मशीन उघडून जुनी पट्टी काढली, नवी बसवली. काय करतंस, तिनं आतून विचारलं. धूळ काढतो, म्हणालो. का बसवली त्या क्षणी? मी पुष्कळदा विचार केलाय. निदान हे एवढं बोलणं तरी दोघांचं धड होऊ दे, असं वाटलं असावं. की खिशात ती पट्टी आता सोसवत नव्हती? उत्तर काहीही असो, चांगुलपणाचं नाही.

दोन दिवसांनी उदयचा कॉल आला. मी होतो. यंत्र एकदाही अडकलं नाही. त्याचा चेहरा इतका स्वच्छ मी कधी पाहिला नव्हता. गालावरचा वस्तऱ्याचा ओरखडासुद्धा दिसत होता. काकीनं कौल सांगितला. सावकाश, सगळं. तो ऐकत राहिला. आता बंद पड, असं मी मनात म्हणत होतो — बाबा रे, आता एकदा बंद पड! नाही पडलं. तो म्हणाला, "तुज्या मनात नसात तर नको आये." ती म्हणाली, "माज्या मनात होता रे. देवीच्या नाय." शब्द न् शब्द पोचला.

कॉल संपल्यावर काकीनं यंत्रावर कापड घातलं, त्याला हात लावून नमस्कार केला आणि माझ्याकडं वळली. "बघितलंस मरे? आमी तिचा ऐकला, तसा यंत्र बरा झाला."

मी काय म्हणालो माहीत आहे? "हो काकी," म्हणालो.

ते यंत्र त्यानंतर कधी बंद पडलं नाही. कसं पडेल, रॅम मीच चांगली घातली होती. काकीला ती देवीची सही वाटली. सगळ्या वाड्यावर तिनं सांगितलं, आणि लोकांनी मान डोलावली. दर दसऱ्याला ती त्याला झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू लावायची, आणि मला बोलावून नारळ फोडायला लावायची. मी फोडला. दर वर्षी फोडला.

यंत्र बरं झालं आणि कॉल कमी झाले. आधी दर बंदरातून यायचा, मग एखाद्या बंदरातून, मग सणावाराला. बोलायला उरलं काय होतं? काकी कापड घडी करून मांडीवर घेऊन बसायची, समोर पडदा लखलखीत, आणि कुणी नाही. मलाही जायला निमित्त राहिलं नाही. बिघाडच नाही तर दुरुस्तीवाला कशाला? एका माणसाचं एकटेपण घालवायला निघालो होतो, शेवटी तीन घरं एकटी करून बसलो. तिसरं वास्कोतलं — नाही, चुकलो, तिचं लग्न झालं पुढं दुसरीकडं, असं ऐकलं. चांगलं चाललं असेल. तिचा चेहरा मी अजून भुवईच्या खाली पाहिलेला नाही.

उदयनं लग्न केलं नाही. स्थळं आली, तो नको म्हणाला. हल्ली बोट सोडून घरीच असतो, केस पांढरे झालेत, सोप्यावर बसून रस्त्याकडं बघत असतो. मला अजून दादा म्हणतो. आईकडं लक्ष दिलंस म्हणून माझे उपकार मानतो. जुनी पट्टी माझ्या दुकानाच्या खणात आहे. तसल्या बऱ्याच आहेत तिथं, पण ती कुठली ते मला न बघता हाताला कळतं. फेकत नाही. फेकली म्हणून काय होणार आहे?

गेल्या दसऱ्याला गेलो होतो. जुनं यंत्र आता कोणी चालवत नाही, पण माळ घातलेली होती. काकीला धड दिसत नाही. माझा आवाज ओळखून तिनं जवळ बसवलं, हात हातात घेतला.

"बाबा, तू चार घरांनी फिरतंस," ती म्हणाली. "माज्यामागे ह्येका कोण आसा? अजून वेळ गेल्ली नाय. आमच्या उदयाक खंयचा तरी एक बरा चेडू बघ मरे."

उदय तिथंच होता. तो माझ्याकडं बघून हसला आणि आत चहा आणायला गेला.

"बघतो, काकी," मी म्हणालो.